मागच्या इमारतीला कळायच्या आत

१

दर सोमवारी सकाळी थोरली यादी झाडायला बसायची. झाडायला हा तिचाच शब्द. मोजणी आणि नकाशांच्या त्या कार्यालयात चार इमारती होत्या, साडेआठशे माणसं होती, आणि त्यांची नावं, फोटो, पासवर्ड, कोण कुठल्या विभागातला, कुणाला कुठलं दार उघडतं, हे सगळं एका यादीत होतं. यादी एक, पण तिच्या प्रती चार. प्रत्येक इमारतीत एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती यादी सांभाळणारा सर्व्हर. एकाला काही कळलं की मिनिटाभरात बाकीच्यांना कळायचं. शेजारणींना कुठे बातमी मुद्दाम पोचवावी लागते?

अपवाद फक्त मागच्या इमारतीचा. ती रुळांपलीकडे होती, लोखंडी पूल ओलांडून जावं लागायचं. तिथे जुन्या नकाशांचं गोदाम होतं, आणि तिकडे जाणारी लाईन इतकी बारीक की तिथल्या सर्व्हरला दर तीन तासांनीच काय ते कळवलं जायचं. सात, दहा, एक, चार.

थोरलीला सगळं कार्यालय थोरलीच म्हणायचं, कारण तिसऱ्या मजल्यावर नकाशा विभागात तिची धाकटी बहीण होती. दोघी सख्ख्या, दोघी बिनलग्नाच्या, आईजवळ एकाच घरात राहणाऱ्या, एकाच बसनं येणाऱ्या. धाकटी आठ वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ, आणि रोज थोरलीच्या डब्यातलं निम्मं फस्त करून वर मीठ कमी आहे म्हणणारी. थोरली तिच्यावर करवादायची, आणि तिच्यावाचून तिचं पान हलायचं नाही.

त्या सोमवारी झाडण्यासारखं फारसं नव्हतं. मागच्या आठवड्यात थोरलीनं चाचणीसाठी नकाशा विभागाच्या फांदीची, म्हणजे यादीतल्या त्या विभागाच्या नावांच्या गटाची, एक नक्कल केली होती, ती उडवायची होती. यादीत दोन फांद्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिनं एक निवडली. यंत्रानं विचारलं, नक्की का? वीस वर्षांत हजारदा दिलेलं उत्तर तिनं दिलं. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"ताई, माझं काही उघडत नाहीये. आमच्याकडं कुणाचंच उघडत नाहीये. तूच काहीतरी केलंयस ना?"

थोरलीनं स्क्रीनकडे पाहिलं. नक्कल जागेवर होती. खरी फांदी गेली होती, त्रेसष्ट नावांसकट. अशी चूक होऊ नये म्हणून फांदीला एक कुलूप असतं. नक्कल करताना तिनंच ते काढलं होतं, आणि परत लावायचं राहून गेलं होतं.

"दहा मिनिटं दे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच ठेवला.

"दे म्हणजे काय, घे की! आम्ही चहा पितो," धाकटी म्हणाली आणि हसली. मागे बाकीचेही हसले. नकाशा विभागाला हसायला कारण लागायचं नाही.

२

दहा मिनिटांत काही होणार नव्हतं. यादीतलं नाव डिलीट केलं की ते नुसतं नाहीसं होत नाही. त्या जागी एक खूण उभी राहते, की हा इथे होता आणि आता नाही. या धंद्यात त्या खुणेला थडग्याचा दगड म्हणतात. नव्या माणसाला पहिल्यांदा हसू येतं, मग सवय होते. हे दगड एव्हाना तीन इमारतींत पोचले होते. डिलीट झालेलं परत मिळवून देणारी एक पेटी असते, ती सुरू करायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

अकरा वाजत आले तरी पुन्हा फोन आला नाही, हे थोरलीच्या उशिरा लक्षात आलं. त्रेसष्ट माणसं खोळंबलेली, आणि एकाचाही फोन नाही? एरवी प्रिंटरचा कागद संपला तरी ही माणसं घर डोक्यावर घ्यायची. तिनं धाकटीच्या टेबलावरचा नंबर फिरवला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. ते ठीकच होतं, फोनही यादीवरच चालायचे. मोबाईलमध्येही धाकटीचं नाव सापडेना. तिथली नावंही कार्यालयाच्या यादीतूनच यायची, आणि हल्ली नंबर पाठ कुणाचा असतो?

ती तिसऱ्या मजल्यावर गेली.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्रेसष्ट टेबलं ओळीनं होती, खुर्च्या आत सरकवलेल्या. टेबलांवर काही नव्हतं. कप नव्हते, पिशव्या नव्हत्या, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर नव्हता. खिडक्या बंद होत्या आणि बंद खोलीला असतो तसला वास होता. भिंतीवरचं घड्याळ मात्र चालू होतं, आणि त्याची टिकटिक दारापर्यंत येत होती. या खोलीला घड्याळ आहे हे थोरलीला आजपर्यंत ऐकून कधी कळलं नव्हतं.

बाहेर शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन चालला होता.

"इथली माणसं कुठं गेली हो?"

"इथली?" शिपायानं आत डोकावलं. "ही खोली रिकामीच असते मॅडम."

"आज सकाळी भरलेली होती."

"असेल बुवा," तो म्हणाला. मोठ्यांशी वाद कशाला घाला, असा त्याचा चेहरा. "मी सहा वर्षं या मजल्यावर आहे. कुणी बसलेलं पाहिलं नाही."

चहाला गेली असतील, थोरलीनं स्वतःला सांगितलं. सामान घेऊन चहाला कोण जातं, हे विचारायचं तिनं टाळलं.

३

खाली सर्व्हरच्या खोलीत नाना बसले होते. निवृत्तीला आठ महिने उरलेले, पाठीला उशी, समोर गार झालेला चहा. थोरलीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. तिनं काय झालं ते सांगितलं. नाना ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"बॅकअप?"

"शुक्रवारचा अर्धवट झालाय. त्याआधीचा महिन्यापूर्वीचा."

"हूं. मागच्या इमारतीला कळलंय का?"

"दहाला फेरा झाला. मी त्यानंतर उडवलं."

"म्हणजे एक वाजेपर्यंत तिला काहीच माहीत नाही," नाना म्हणाले. "तिच्या लेखी सगळे जिवंत आहेत. तिकडं जा. आधी येणारा रस्ता बंद कर, म्हणजे ही बातमी तिच्यापर्यंत जायची नाही. मग त्या फांदीतल्या प्रत्येक नावाचा बदलांचा आकडा लाखानं वाढव. ज्याचा आकडा मोठा, त्याचं खरं. मग ती इकडच्या तिघांना सांगेल की ही माणसं आहेत, आणि यांना मुकाट्यानं ऐकावं लागेल."

ही रीत थोरलीला माहीत होती. तरी नानांच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. निघताना तिनं घरी फोन लावला. का लावला, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"आई, धाकटीचा काही फोन आला होता का?"

"कुणाचा?"

"धाकटीचा गं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईनं गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं.

"कोण धाकटी?" आई म्हणाली. "तुझ्या ऑफिसातली का कुणी?"

आईचं डोकं खणखणीत होतं. कुणाचा वाढदिवस कधी आणि कुणी कुणाशी कधी भांडण काढलं, सगळं तोंडपाठ. थोरली घाबरली, सरळ घाबरली. मग तिनं मनाला समजावलं. कुकरच्या आवाजात आईला नीट ऐकू आलं नसेल. दोनदा नसेल ऐकू आलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवून घे तू."

नाना तिच्याकडे पाहत होते. धाकटीला नाना ओळखायचे, तिला पोरी म्हणायचे, ती त्यांची खोडी काढायची. एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. थोरलीनं विचारला नाही. सगळ्यांना विसर पडला असेल तर आपल्यालाच कसं आठवतंय, हे पुलावर चालताना तिच्या मनात आलं. ज्यानं पुसलं त्यालाच काय लिहिलं होतं ते ठाऊक असतं, एवढंच तिला सुचलं, आणि ती झपझप चालू लागली.

४

मागच्या इमारतीचं दार जड होतं. ते ढकलताच आवाज आला. खूप माणसं एका जागी असली की होतो तसला, बोलण्याचा आणि भांड्यांचा.

गोदामाच्या लांब खोलीत, नकाशांच्या कपाटांमधल्या वाटांत, नकाशा विभाग बसला होता. कुणी स्टुलावर, कुणी खोक्यावर, कुणी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून. पिशव्या होत्या, स्वेटर होते. काही जणांनी डबे उघडले होते. धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत होती.

"आली बघा!" ती ओरडली. "दहा मिनिटं म्हणाली होती. तुझी दहा मिनिटं घड्याळाची का पंचांगाची?"

थोरलीच्या जिवात जीव आला. जाऊन तिनं बहिणीचा दंड धरला. दंड ऊबदार होता, नेहमीसारखाच गुबगुबीत.

"इकडं कशाला आलात सगळे?"

"तिकडं बसून काय करणार?" धाकटी म्हणाली. मग जरा थांबली. "खरं सांगू, कोण म्हणालं चला म्हणून, ते आठवत नाही. सगळे उठले आणि आम्ही आलो. तिकडं जरा थंडी वाटायला लागली होती गं."

आजूबाजूच्या दोघातिघांनी मान डोलावली. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. थोरलीनं मोजायला सुरुवात केली, आणि त्रेसष्टवर येऊन थांबली.

साडेबारा वाजले होते. सर्व्हर कोपऱ्यातल्या जाळीच्या खोलीत होता. तिनं येणारा रस्ता बंद केला, नकाशा विभागाची फांदी शोधली. इथे ती शाबूत होती, प्रत्येक नावासमोर फोटो, धाकटीचा दात दाखवणारा. तिनं आकडे लाखानं वाढवले. यंत्रानं काम संपवून दोन फायली दिल्या. एकीत माणसं. दुसरीत ती माणसं कुणाकुणाशी जोडलेली, ते.

तिनं नानांना फोन लावला.

"आता ऐक," नाना म्हणाले. "पहिली पाठव, दुसरी ठेव. आधी माणसं सगळीकडं पोचू देत. तिन्ही इमारतींत त्रेसष्टच्या त्रेसष्ट दिसली की मगच दुसरी. माणूस पोचायच्या आधी त्याचं नातं पोचलं, तर तिकडचा सर्व्हर बघतो, असं कुणी नाही आपल्याकडं, आणि सोडून देतो. मला विचारत नाही, तुला विचारत नाही. लाईन बारीक आहे. तास लागेल. धीर धर."

"धरते."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "चालू झालं!" पुलाकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज आला. धाकटीनं जाळीतून डोकावलं.

"मी पुढं होते ताई. संध्याकाळी नेहमीच्या बसला ये, मी जागा धरते."

"थांब की जरा इथं."

"आणि आमचा साहेब? तो काय तुझी वाट बघत थांबणार आहे?" असं म्हणून ती गेलीच.

५

स्क्रीनवर नावं एकेक करून जात होती. फोटोंमुळे जड झालेली. नऊ पोचली. अकरा. थोरली हाताची घडी घालून बसली. गोदामात आता कुणी नव्हतं.

वीस नावं पोचली तेव्हा आईचा फोन आला.

"अगं, मी कपाट आवरायला काढलंय," आई म्हणाली. "डाव्या बाजूला कुणाचे गं हे कपडे? ढीगभर आहेत. तुला तर होणार नाहीत. खाली भंगारवाला आलाय, तो जुने कपडेही घेतो. बांधून देऊन टाकते."

"आई, नको! हात लावू नकोस."

"अगं पण कुणाचे आहेत?"

आवाज शांत होता. नुसतं कुतूहल होतं त्यात. डावी बाजू धाकटीची, त्यातला पिवळा ड्रेस थोरलीनंच हट्टानं घेऊन दिलेला. आई मागे गाठ मारत असल्याचं ऐकू येत होतं.

"आई, दोन मिनिटं थांब. फक्त दोन मिनिटं."

तिनं दुसरी फाईल चालवली.

नानांचं म्हणणं ती विसरली नव्हती. वीस वर्षांत तिनं स्वतः किती जणांना हेच बजावलं होतं. पण हे सगळे नियम आपली आई कपाट रिकामं करत नसते तेव्हाचे असतात. दुसरी फाईल हलकी होती. नुसत्या ओळी. ती सरसर निघाली, वाटेत रखडलेल्या नावांच्या पुढे गेली, आणि संपली. यंत्रानं लिहिलं, पूर्ण.

"आई?"

"हां, बोल."

"कपडे?"

"ठेवलेत. तू म्हणालीस म्हणून ठेवलेत," आई म्हणाली.

थोरलीनं फोन ठेवला आणि कपाळ टेबलावर टेकलं. उरलेली नावं पावणेदोनपर्यंत पोचली. त्रेसष्ट. नानांनी तिकडून खात्री केली, शाबासकी दिली, आणि येणारा रस्ता उघडायला सांगितला. तिनं तो उघडला. काम झालं की रस्ता बंद ठेवायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

६

तिसरा मजला भरलेला होता. टेबलांवर कागद होते, स्क्रीन उजळलेले होते. थोरली दारातच थांबली. काहीतरी कमी होतं, आणि ते काय, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कुणी बोलत नव्हतं.

पहिल्या ओळीत नवरा-बायको शेजारी बसायची, त्यांची भांडणं चारही इमारतींत प्रसिद्ध होती. बायकोनं डबा पुढे केला.

"घ्या ना थोडं," ती संकोचून म्हणाली.

"नको, नको. आभारी आहे," नवरा म्हणाला. "आपण नवीन आलात का?"

धाकटी तिच्या जागेवर होती. थोरली तिच्या टेबलापाशी गेली. धाकटीनं वर पाहिलं आणि हसली. छान हसली, काउंटरपलीकडच्या माणसाकडे बघून हसतात तशी.

"बोला मॅडम. नेटवर्कच्या ना तुम्ही? बरं झालं, लगेच चालू केलंत."

"चल, चहा घेऊ," थोरली कशीबशी म्हणाली.

"आत्ता नाही जमणार हो. काम तुंबलंय." तिनं स्क्रीनकडे मान वळवली. थोरली तिथेच उभी आहे हे पाहून पुन्हा वर पाहिलं. "काही हवं होतं का?"

जिन्यात येऊन थोरलीनं घरी फोन लावला.

"ते कपडे ना?" आई म्हणाली. "अगं, त्या मुलीचे आहेत. आपल्याकडं खोली घेऊन राहते ती. माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. परक्या माणसाच्या वस्तूला हात लावायला नको होता. तिला सांगू नकोस हां."

७

नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे फायलींचं ऐकून घेतलं. बाकीचं तिनं सांगितलं नाही, आणि त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं.

"पुन्हा चालव दुसरी फाईल."

"तीनदा चालवली. पूर्ण म्हणतं, आणि यादीत काही दिसत नाही."

नानांनी चारही प्रती शेजारी शेजारी लावल्या. तीन ठिकाणी त्रेसष्ट नावं होती, सुटी सुटी. मागच्या इमारतीत तीच त्रेसष्ट होती, आणि तिथे सगळं जोडलेलं होतं.

"तिकडं आहे अजून," नाना म्हणाले. "पण इकडचं नंतर लिहिलं गेलंय. नात्यांना वाढवायचा आकडा नसतो, त्यांचं नंतरचं टिकतं. चारच्या फेऱ्यात तिकडचंही हेच होईल." त्यांनी चारही प्रती बंद केल्या. "उद्या शांतपणे बघू, बाई. माणसं तर आली ना परत."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

थोरली पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. एका जुन्या नकाशावर तुमची सही हवी, मागच्या इमारतीत, पाच मिनिटांचं काम, असं तिनं सांगितलं. खोटं बोलताना तिचा आवाज हलला नाही. धाकटीनं घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि परक्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून उठली. पुलावर ती दोन पावलं मागून चालत होती. हवेबद्दल काहीतरी बोलली. तुम्हाला इथे बरीच वर्षं झाली असतील ना, असं विचारलं. थोरली म्हणाली, हो, बरीच.

तिनं जड दार ढकललं आणि धाकटीला आधी आत जाऊ दिलं.

धाकटी चार पावलं चालली. मग थांबली. पाठमोरी होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते थोरलीला दिसलं नाही. फक्त खांदे खाली आलेले दिसले, दिवसभर कुणीतरी वर धरून ठेवलेले आणि आता सोडलेले असावेत तसे.

"ताई," ती वळून म्हणाली. "अगं, रडतेयस काय? काय झालं?"

"काही नाही. बस."

जाळीच्या खोलीत जाऊन थोरलीनं सर्व्हरच्या मागची केबल उपसली. हिरवा दिवा गेला. भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती. बाहेर आली तेव्हा धाकटी कट्ट्यावर बसली होती आणि चपलेचा पट्टा घट्ट करत होती. चार वाजले. पाच मिनिटं गेली. धाकटी तशीच होती, गुणगुणत.

"चल ना," ती म्हणाली. "भूक लागलीय. घरी जाऊ, आई वाट बघत असेल."

थोरलीनं दाराला आतून कडी घातली आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"बसू गं जरा," ती म्हणाली. "इथंच बसू."